हरवल्याची वही आणि चार दात

आमच्या दातांच्या लॅबमध्ये दर सोमवारी चोरी व्हायची आणि चोर कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आमच्यातच बसायचा, आमच्यातच चहा प्यायचा आणि आज कोण कधी बोंब मारतं याची वाट बघत राहायचा.

त्यांना आम्ही गाठोडेकाका म्हणायचो. तोंडावर काका, पाठीमागे गाठोडे. लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवरच्या फायली रोज संध्याकाळी एकत्र बांधायच्या, दाबून लहान करायच्या आणि तीन वेगळ्या जागी ठेवायच्या, हे त्यांचं काम. बाकीचे त्याला बॅकअप म्हणायचे. काका म्हणायचे, "गाठोडं बांधतो." म्हणून ते नाव.

लॅब सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर प्लास्टरची पांढरी धूळ, त्यामुळे आमच्याकडे आलेला माणूस खाली उतरला की सायकलवाला लगेच ओळखतो. दातांचे डॉक्टर आमच्याकडे मापं पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज आणि कवळ्या करून देतो. मी दातांना रंग देते. खरा दात पांढरा नसतो, हे मी गेली अठरा वर्षं लोकांना सांगते आहे. मुळाशी पिवळट, मध्ये दुधी आणि टोकाला किंचित निळसर. पांढराशुभ्र दात हवा असेल तर बाथरूमची फरशी तोंडात बसवा.

काका मुळात प्लास्टरवाले. मापात प्लास्टर ओतून जबड्याचे साचे काढायचे. ते पन्नाशीला आले तेव्हा लॅबमध्ये स्कॅनर आला. साचा एकदा त्यात ठेवला की दातांचा सगळा आकार कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. मग साचे जपून ठेवायची गरज उरली नाही, पाच वर्षं झाली की ते फेकून द्यायचे असं ठरलं. आता काका घरी जाणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. काकांनी मात्र मालकीणबाईंना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, एवढंच विचारलं, "आणि कॉम्प्युटर बिघडला तर दात कुठे शोधायचे?" पुढच्या आठवड्यात प्लास्टरची पोती ठेवायच्या खोलीत काकांचं टेबल लागलं.

त्या खोलीत ते जे शिकले ते आम्हाला चहाच्या वेळी, कोणी न विचारता, सांगायचे. "साच्याचा तळ सपाट असतो. आता ‘सपाट, सपाट, सपाट’ असं हजार वेळा लिहायचं, की ‘सपाट, हजार वेळा’ असं एकदाच लिहायचं? झालं, फाईल दबली. उलगडली की हजार सपाट जसेच्या तसे परत." मग मी मुद्दाम विचारायचे, "फोटो का दबत नाहीत हो काका?" की ते खूश. "फोटो आधीच दाबलेले असतात. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून पाणी निघतं का? आणि फोटो दाबताना त्यातलं थोडं कायमचं टाकून देतात. डोळ्याला कळत नाही म्हणे."

एकदा मोठ्या बाईंनी विचारलं होतं, दातांच्या फायलीही तशाच, थोडं टाकून, लहान केल्या तर? जागा वाचेल. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, डोळ्याला कळत नाही ते जिभेला कळतं." विषय तिथेच संपला. पण दुसरा एक विषय वर्षानुवर्षं चालला. काका गाठोड्यात दर दहा भागांमागे एक भाग दुरुस्तीसाठी जास्तीचा घालायचे. मधलं काही खराब झालंच तर त्या जास्तीच्या भागावरून ते पुन्हा जुळवता यावं म्हणून. फायली बांधायच्या नेहमीच्या झिप पद्धतीत अशी सोय नव्हती, म्हणून ते हट्टाने ‘रार’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीने बांधायचे. मोठ्या बाई म्हणायच्या, "लहान करायला बसवलंय तुम्हाला आणि तुम्ही मोठं करता." काका मान डोलवायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे.

आता चोरीबद्दल. काका त्या खोलीत बसायला लागले त्याच वर्षी मुख्य कॉम्प्युटरची डिस्क खरोखरच गेली. काका ऐटीत आपल्या खोलीत गेले. सात गाठोडी, सातही गाठोड्यांवर तारीख, सुंदर अक्षर. एकही उघडेना. बडा घर पोकळ वासा! ज्या डिस्कवर ती ठेवली होती ती पहिल्या दिवसापासून अर्धवट लिहीत होती आणि कोणी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. एकशे नव्वद माणसांना पुन्हा खुर्चीत बसवून, पुन्हा तोंडात लगदा भरून मापं घ्यावी लागली. काकांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. नुसतं ऐकून घेतलं.

तेव्हापासून काकांचा नियम झाला. दर सोमवारी कोणाच्या तरी कॉम्प्युटरवरची एक फाईल गुपचूप उडवायची. चालू कामातली नाही, जुनी. शनिवारच्या आत गाठोड्यातून काढून ती जागच्या जागी ठेवायची. मध्येच कोणाला कळलं तर लगेच द्यायची आणि वर त्याच्या टेबलावर एक पेपरमिंटची गोळी. "रोज बांधतो ते उलगडतं की नाही, हे आठवड्यातून एकदा तरी कळायला नको? आणि तुम्हाला तुमचं काय हरवलंय ते कळतं की नाही, तेही बघायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

याची एक लांबट वही होती, हरवल्याची वही. फाईल कुठली, कोणाकडून घेतली, कितव्या दिवशी कळलं, आणि परत ठेवल्यावर एक ठसठशीत बरोबरची खूण. मोठ्या बाईंनी एकदा तीन दिवस खपून ‘लॅबची ध्येयधोरणे’ नावाची फाईल लिहिली होती. ती काकांनी पाच वेळा चोरली. पाचही वेळा वहीत ‘कळलं नाही’. माझी रंगांची यादी चोरली तेव्हा मी आठ मिनिटांत किंचाळले आणि सगळी लॅब दात काढून हसली. मला ते फार लागलं. माझा राग आमच्याकडे प्रसिद्ध आहे. तो येतो पटकन, पण जाताना सामान आवरत बसतो.

तर यंदा, एका मंगळवारी, ट्रम्पेटवाले आले.

बागेतल्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस. उंच, ताठ, कोटाला पितळी बटणं आणि तोंडावर रुमाल. आठ वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे वरचे पुढचे चार दात काढावे लागले होते. डॉक्टर शहाणे. काढायच्या आधी त्यांनी माप घेऊन आमच्याकडे पाठवलं आणि आम्ही त्याच दातांसारखी हुबेहूब काढता-घालता येणारी कवळी करून दिली. डावा दात थोडा आत वळलेला, मधल्या दोघांत नखाएवढी फट, सगळं तसंच. ट्रम्पेटवाले ती घालून आठ वर्षं वाजवत होते. मग गेल्या महिन्यात हॉटेलात जेवताना त्यांनी कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवली आणि वेटरने टेबल पुसताना रुमाल उचलून टाकला.

त्यानंतर मी त्यांना दोन कवळ्या करून दिल्या होत्या. जुनं काही न बघता, नव्या मापावर. सरळ, देखणे, माझ्या हातचे उत्तम दात. दोन्ही परत आल्या.

"दिसतात छान," रुमालाआडून ते म्हणाले. "पण वरचा सूर लागत नाही. हवा भलतीकडून जाते. माझे ओठ त्या वाकड्या दातावर टेकायला शिकलेत हो. चाळीस वर्षं शिकलेत."

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं. माझ्या दातांना नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

"नवा बँडमास्तर आलाय. म्हणाला, रविवारी सूर लागला तर ट्रम्पेट, नाही तर..." ते थांबले. "नाही तर ट्रँगल."

मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षं सगळ्या बागेला मान वर करायला लावणारा माणूस, आणि रविवारपासून त्याने लोखंडी त्रिकोणावर काडी मारायची. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. इथे ट्रम्पेट होतं, ओठ होते, फुंकर होती, अडलं होतं ते चार दातांपाशी.

"जुनी फाईल असेल ना तुमच्याकडे? माझ्या खऱ्या दातांची?"

"असणारच," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळं असतं."

साचा कधीच फेकला गेला होता. फाईल मात्र होती, केस नंबर चारशे बारा. मी कॉम्प्युटर उघडला. चारशे अकरा होती, चारशे तेरा होती.

"सोमवारची करामत का काका?" मी त्यांच्या खोलीत डोकावले.

"छे, काल मी मोठ्या बाईंची घेतली. ध्येयधोरणे, सहाव्यांदा." ते हसत उठले. "अर्ध्या तासात देतो."

गेल्या महिन्याचं गाठोडं उघडलं, त्यात चारशे बारा नाही. गेल्या वर्षीचं उघडलं, नाही. त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं, अगदी पाच वर्षांपूर्वीचं. सगळी सुरेख उघडली आणि सगळ्यांत चारशे अकरानंतर चारशे तेरा. पाच वर्षांपलीकडची गाठोडी नियमाप्रमाणे पुसलेली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या बाई म्हणाल्या, "स्कॅन केलीच नसेल." मी म्हटलं, "केली होती. ती कवळी मी रंगवलीय."

बुधवारी सकाळी मी गेले तेव्हा ते वहीची मागची पानं उलटत होते. जुनी वही, तिचे कोपरे दुमडलेले. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘चारशे बारा. रंगकामाच्या टेबलावरून.’ पुढची जागा रिकामी होती आणि खूणही नव्हती.

"मीच घेतली," काका म्हणाले. "घेतली आणि ठेवलीच नाही."

त्यांनी तारीख दाखवली आणि आम्हा दोघांनाही आठवलं. त्याच आठवड्यात, गुरुवारी, ते जिन्यातल्या प्लास्टरवरून घसरले होते आणि उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे घरी. परत आले ते नवं पान काढूनच बसले. त्या सोमवारनंतर जेवढी गाठोडी बांधली गेली, त्या सगळ्यांत ती फाईल नव्हती, कारण कॉम्प्युटरवरच नव्हती. रोज नेमाने, एकही दिवस न चुकता, काकांनी आठ वर्षं ती पोकळी बांधून जपून ठेवली होती.

आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. ती काकांना माहीत नव्हती.

त्या मंगळवारी मला कळलं होतं. देऊन झालेल्या कवळीची तार नीट बसली होती की नाही ते बघायला मी चारशे बारा उघडायला गेले होते आणि ती जागेवर नव्हती. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात माझी रंगांची यादी चोरीला गेली होती आणि सगळ्यांनी मला हसून घेतलं होतं. मनात म्हटलं, या वेळी ओरडणार नाही. बसू दे म्हाताऱ्याला शनिवारपर्यंत वाट बघत. मूग गिळून बसले. गुरुवारी ते पडले आणि मी विसरून गेले. एक शब्द बोलले असते तर ट्रम्पेटवाल्यांचे दात आठ वर्षं जागच्या जागी असते.

दुपारी ट्रम्पेटवाले चौकशीला आले. बाहेरच्या बाकावर टोकाशी बसले. वही फक्त काकांनी आणि मी बघितली होती. स्कॅन झालीच नव्हती असं सांगून विषय संपवता आला असता. मोठ्या बाईंनी तेच सांगायची तयारीही केली होती. काका मधून आले, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचे दात मी चोरले."

ट्रम्पेटवाल्यांनी रुमाल खाली घेतला. "काय केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. सोमवार, वही, मनगट. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांचा रंग मी दिल्यासारखा, मुळाशी पिवळा आणि टोकाला निळा होत होता. काका दोष एकट्यावर घेत होते. मला उभं राहवेना.

"चोरी झालेली मला कळली होती," मी म्हटलं. "मी मुद्दाम गप्प बसले. यांच्यावर रागावले होते म्हणून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते पडलेल्या तोंडाने म्हणाले, "मग गोळी राहिली की तुझी."

ट्रम्पेटवाल्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाले, "मी बँडमध्ये आहे. तिथेही दोन माणसं एकमेकांवर चिडली की तिसऱ्याचा सूर जातो. पण मला रविवारी वाजवायचंय हो. कसंही करा." आणि दाताच्या कण्या कराव्यात, तर त्यांच्याकडे दातही नव्हते. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "आजपासून सोमवार बंद." एवढंच. आपलेच दात आपलेच ओठ, अजून काय बोलणार?

गुरुवारी सकाळी काका धापा टाकत वर आले. "रंगारीण, चल घरी!" मला ते असंच म्हणायचे. "जामीन! जामीन विसरलो होतो मी."

मोठी डिस्क गेल्याची धास्ती काकांच्या मनातून कधी गेलीच नव्हती. त्यामुळे फाईल चोरायच्या आधी ते तिची एक प्रत गाठोड्यात बांधून सीडीवर घेऊन घरी न्यायचे. गाठोडं उघडलं नाही तर जामीन असावा म्हणून. फाईल परत ठेवली की सीडी काकूंना देऊन टाकायचे. काकू त्या चकत्यांचं काय करायच्या हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी दार उघडलं. काकांनी चपलाही न काढता विचारलं, "अगं, माझं मनगट मोडलं होतं तेव्हा कपाटावर एक चकती होती. कुठेय?"

"कुठे म्हणजे? तुमच्या डोळ्यांसमोर."

समोरच्या भिंतीवर आरसा होता. त्याच्या चारही बाजूंनी, चमकती बाजू वर करून, एकीला एक चिकटवलेल्या तेवीस सीड्या. काका गेली सात-आठ वर्षं रोज त्या आरशात बघून दाढी करत होते. काखेत कळसा!

काका पुढे झाले आणि हात मागे घेतला. "ओरबाडायच्या नाहीत. माहिती खालच्या चमकत्या बाजूला नसते, नाव लिहितो त्या बाजूच्या पापुद्र्याखाली असते. डिंक ओढला की दातही निघाले." मग अगदी हळू आवाजात, "काय लावलंस गं मागे?"

"खळ. पिठाची," काकू म्हणाल्या. "तुमचा तो महागाचा डिंक घ्यायला मी दुकानात जाणार होते होय?"

काकांनी काकूंचे दोन्ही हात धरले. लग्नानंतर पहिल्यांदाच असावं, कारण काकूंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. पिठाची खळ म्हणजे पाण्यात सुटणार. आम्ही आरसा खाली काढला, चकत्या चिकटवलेला मागचा पुठ्ठा सोडवला आणि बाथरूमच्या टपात कोमट पाण्यात बुडवून ठेवला. मी माझी मेण कोरायची पातळ पट्टी आणली होती. दातावरचा केसाएवढा मेणाचा थर सोलणारा हात आहे माझा. दुपारपर्यंत एकेक चकती सोडवली, एकीचाही पापुद्रा गेला नाही. पेनने लिहिलेली नावं मात्र पाण्यात विरघळली. टप निळा आणि आमच्याकडे तेवीस कोऱ्या चकत्या.

शुक्रवारी लॅबमध्ये एकेक घालून बघायला बसलो. पहिलीत काकूंच्या भाचीच्या लग्नाचे फोटो. दुसरीत काहीच नाही. चौथीत ‘लॅबची ध्येयधोरणे’. आठ वर्षं उन्हात, वाफेत राहून ती मात्र ठणठणीत उघडली. मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही इथे कशी?" काकांनी घाईने पाचवी चकती घातली.

चौदाव्या चकतीवर काका म्हणाले, "हीच." आतल्या गाठोड्याचं नाव चारशे बारा होतं. ते घेताना कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. चकतीवर ओरखडा होता. काकूंनी नेटाने आरसा पुसला असणार, आठ वर्षं दर आठवड्याला. गाठोडं उतरलं ते फाटकं. उघडायला गेलो तर म्हणे, खराब आहे.

मी खुर्चीत बसले. रविवार डोळ्यांसमोर आला. खुर्चीवर ट्रँगल, आणि तो ताठ माणूस तिकडे चालत निघालेला.

"उठून उभी राहा," काका म्हणाले. "दहातला एक भाग जास्तीचा घातलाय मी." त्यांनी दुरुस्तीची आज्ञा दिली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली. मला वाटतं, मोठ्या बाई श्वासही घेत नव्हत्या. पट्टी शेवटाला टेकली आणि गाठोडं उघडलं.

पडद्यावर चार दात आले. मधली नखाएवढी फट आणि आत वळलेला डावा दात. असा वाकडा, बेढब, उर्मट दात मी कधी बघितला नव्हता. मी काकांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. काकांनी तेवढ्यात माझ्यासमोर एक पेपरमिंट ठेवलं. आठ वर्षं उशिरा.

नव्या हिरडीच्या मापावर जुन्या दातांचा आकार बसवून शनिवारी दुपारी कवळी तयार झाली. मी रंग दिला आणि फटीला हात लावला नाही.

रविवारी आम्ही तिघं बागेत गेलो, काका, काकू आणि मी. नव्या बँडमास्तरने खरंच एका रिकाम्या खुर्चीवर ट्रँगल ठेवला होता. ट्रम्पेटवाले उभे राहिले. पहिल्या तीन धुनांत त्यांनी वरच्या सुराला हात घातला नाही. चौथीच्या शेवटी त्यांनी खांदे मागे घेतले आणि तो सूर लावला. स्वच्छ, सरळ, कुठेही न फाटता. बाकावर शेंगा खाणारी माणसं चावायची थांबली. काकांनी डोळे मिटले होते.

"लागला का हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी पिशवीतून वही काढली. ‘कितव्या दिवशी कळलं’ या रिकाम्या जागेत त्यांनी लिहिलं, ‘दुसऱ्या दिवशी.’ मग ठसठशीत बरोबरची खूण केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

सोमवारी लॅब फार शांत होती. कोणी चोरी करणार नव्हतं, म्हणून कोणी आपल्या फायलीही मोजल्या नाहीत. काका खोलीत गाठोडं बांधत बसले होते. वही कपाटात गेली होती. मला वाटलं होतं, चला, सुटलो एकदाचे. पण मला ते आवडलं नाही, हे कबूल करते.

अकराच्या सुमाराला जिन्यात बुटांचा आवाज आला. ट्रम्पेटवाले. रुमाल नाही, सगळे दात दिसतील असं हसणं. सरळ मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"ऐकलं की तुम्ही सोमवार बंद केला. तो चालू करा."

"अहो, तुमचेच दात गेले होते ना?"

"म्हणूनच. आठ वर्षं कोणी विचारलंच नाही, म्हणून गेले. आता मी विचारत जाईन. महिन्यातून एका सोमवारी येईन, माझे दात आहेत का म्हणून. यांनी चोरून ठेवायचे आणि मी मागायचे." मग काकांकडे वळून, "पण मनगट सांभाळा."

मोठ्या बाईंनी हात वर केले. काका मुकाट्याने मागे गेले. चारशे बारा कॉम्प्युटरवरून उडवली आणि शनिवारच्या गाठोड्यातून परत काढून पडद्यावर दाखवली. वाकडा दात जागच्या जागी होता. वहीत नोंद झाली, ‘त्याच मिनिटाला कळलं.’ नियमाप्रमाणे काकांनी ट्रम्पेटवाल्यांच्या हातावर पेपरमिंट ठेवलं.

त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि पुढच्या दातांमध्ये धरली.

"अहो, चोखा! फोडू नका," मी ओरडले. "शनिवारी रंगवलेत मी ते."

"प्रत आहे ना?" ते काकांना म्हणाले.

"तीन जागी," काका म्हणाले.

आणि त्यांनी ती कडकन फोडली.